वालाच्या दिवसांतली गळती

वालाला शेंगा धरल्या की मला पेट्रोलचा वास येतो. इतरांना त्या दिवसांत भांबुर्डीच्या पाल्याचा येतो, भाजलेल्या मडक्याचा येतो. मलाही येतो, पण त्याच्याआधी नाकाच्या मुळाशी पेट्रोल येतं, गोडसर, डोकं हलकं करणारं. मग मी असेन तिथून उठतो, शेडमध्ये जातो आणि गाडीखाली वाकून बघतो. जमीन कोरडी असते. तरी बघतो.

आज सकाळीही बघितली. पत्र्यावरचं दव अजून ठिबकत होतं. समोरच्या खाचरात वालाचे वेल ओले होते, त्यांच्यावर ऊन आलं नव्हतं. मागे वळलो तर टेबलावर एक नवा खोका. माझी मुलगी प्रज्ञा पहिल्या पाळीला जाताना ठेवून गेली असणार. खोक्यावर पेनानं लिहिलं होतं, ‘आबा, याचं झाकण उघडायचं नाय.’ फॅक्टरीत ती शुद्ध बोलते. हे तिनं मुद्दाम आमच्या बोलीत लिहिलं, म्हणजे मला कळावं की ही ऑर्डर नाही, टोमणा आहे.

खोका मी बाजूला सरकवला आणि आधी चहा घेतला. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं खोक्याला घाबरून चालत नाही.

चौक गावावरून कर्जतला येणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. मी चौथी शिकलो. पुढचं शिक्षण लोधिवलीला, जुन्या हायवेवरच्या एका ट्रकच्या गॅरेजात झालं. तिथले उस्ताद सांगायचे, ‘डिझेल का लीकेज आँख से, ऑइल का हाथ से, और पेट्रोल का नाक से. नाक पहुंचने से पहले आग पहुंची, तो मेस्त्री किस काम का?’ त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती, भाजून. वाक्य विसरलो असतो, बोटं विसरलो नाही. आज मलाही सगळे मेस्त्री म्हणतात. पाटी लावलेली नाही. लावायची गरज पडली नाही.

उस्तादांकडे मी जे शिकलो त्यातलं माझं सगळ्यात देखणं काम म्हणजे पडदा कापणं. जुन्या गाड्यांच्या पेट्रोलपंपात रबराचा एक गोल पडदा असतो, डायफ्रम. तो फाटला की गाडी उभी. स्पेअर मिळायचे नाहीत. मी आत कापड असलेल्या जाड रबराचा पत्रा आणून कात्रीनं पडदा कापायचो, पंचनं भोकं पाडायचो. कंपास नाही, मोजपट्टी नाही. माझा पडदा बसवलेल्या गाड्या घाट चढून गेल्या आणि वर्षानुवर्षं परत आल्या नाहीत. त्या रबराची गुंडाळी अजून माझ्या शेडमध्ये खुंटीला आहे. लोक घरात तलवार टांगतात तशी.

आता प्रज्ञाच्या गाडीचं सांगतो.

ती रसायनीला एका कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. अठराव्या वर्षी तिनं दहिवलीहून भाताची पोती भरलेला टेंपो एकटीनं आणला होता, तोही बांधावरून, कारण रस्ता खणून ठेवला होता. तिची आई शांता दारात उभी राहून मला म्हणाली, ‘पोरीच्या हातात स्टेअरिंग तुमी दिलंय, आता उतरवायला मला सांगू नका.’ मी सांगितलं नाही. नोकरी लागल्यावर प्रज्ञानं कोणाची तरी मोडीत निघालेली छोटी गाडी घेतली, आम्ही दोघांनी दोन पावसाळे ती सोलून काढली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा घातला, आणि ती शर्यतीत उतरायला लागली.

आमच्याकडची शर्यत म्हणजे काही टीव्हीवरची नाही. भात निघालं की खालापूरच्या अंगाला महादूची आठ-दहा खाचरं मोकळी होतात. महादू हा माझा बालपणापासूनचा दोस्त, जातिवंत भातवाला; माझ्या शेडसमोरची खाचरंही त्याचीच. काही खाचरांत तो वाल टाकतो, बाकीची शर्यतवाल्यांना देतो. ते मधले बांध सपाट करतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात. गाड्या एकेक करून सुटतात आणि घड्याळाशी पळतात. एका बाजूला पेंढ्याच्या रचलेल्या उडव्या, दुसऱ्या बाजूला वालाचे हिरवे वेल, आणि मधून धुळीचा लोट घेऊन माझी पोर. असं दृश्य ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. हेल्मेटमधून तिचे नुसते डोळे दिसतात, आणि ते डोळे माझ्या आईचे आहेत. आई त्याच शिवारात दुसऱ्यांच्या खाचरांत आयुष्यभर लावणी करत राहिली.

या गाडीत टाकीतला पंप पेट्रोल जोरानं पुढं ढकलतो. इंजिनाला लागेल तेवढ्याच दाबानं पेट्रोल द्यायचं आणि उरलेलं माघारी टाकीत पाठवायचं, हे काम करणारी मुठीएवढी डबी असते. तिला रेग्युलेटर म्हणतात. खाचराच्या बांधाला आपण तोंड ठेवतो, पाणी अमुक उंचीच्या वर गेलं की खालच्या खाचरात उतरतं. तसंच. फरक एवढाच की इथं बांधाच्या जागी स्प्रिंग आणि रबरी पडदा असतो. पडदा म्हटल्यावर माझा विषय.

एका हंगामात प्रज्ञानं नवा रेग्युलेटर आणला. मी झाकणाचे स्क्रू काढून आत बघितलं. पडदा कागदासारखा पातळ. बोटांत धरला तर पलीकडचा उजेड दिसेल असा. मला हसू आलं. असल्या पातळ चिंधीवर माझी पोर भरधाव जाणार? मी खुंटीवरची गुंडाळी उतरवली, चांगला जाड पडदा कापला, बसवला, स्क्रू आवळले. प्रज्ञाला सांगितलं नाही. विचारण्यासारखं त्यात काय होतं? जुना पडदा महादू घेऊन गेला, त्याच्या फवारणीच्या पंपाला रबरी वायसर हवा होता.

पहिल्या शर्यतीला काही झालं नाही. दुसऱ्या शर्यतीच्या सकाळी डबीच्या सांध्याला घाम दिसला. घामच म्हणायचा, थेंब नव्हता. पेट्रोलची टाकी पाझरली की आमच्याकडे सगळे मेस्त्री काय करतात? कपड्याचा साबण ओला करून चोळतात. पेट्रोलात साबण विरघळत नाही. मीही चोळला. तपासणीला गाडी उभी राहिली. तपासणारा चष्मेवाला माणूस पुण्याकडचा होता, वयानं प्रज्ञाएवढा. त्यानं इंजिन चालू ठेवायला लावलं, बॉनेटमध्ये वाकला, नखानं सांधा खरवडला आणि बोट माझ्यापुढं धरलं.

‘हे काय आहे काका?’

‘साबण.’

‘साबणानं कपडे धुतात काका.’

मागं उभे असलेले हसले. खरवडलेल्या जागेतून थेंब आला, सांध्यावरून ओघळला आणि खाली तापलेल्या पाइपाच्या वीतभर अलीकडे पडला. मग दुसरा. गाडी बाद. हसणाऱ्यांत प्रज्ञा नव्हती. ती त्या पाइपाकडे बघत होती.

परत येताना चौकाजवळ ती म्हणाली, ‘आबा, पुढच्या रविवारी शेवटची फेरी हाय. तेव्हा गाडी पास झाली नाय, तर मी ती पुण्याच्या गॅरेजला देणार. मग तुमी नुसतं बघायला यायचं.’

‘म्हंजे माझं काम संपलं?’

‘तुमचं काम तुमी बाहेरून बघता. मी आत बसते, आबा. पट्ट्यांनी बांधलेली. आणि पुढं पेट्रोल गळतंय.’

मी खिडकीतून बाहेर बघितलं. उडव्या मागं पळत होत्या.

तो आठवडा मला तासातासानं आठवतो. सकाळी थंडी इतकी की पाना हातात घेतला की चावायचा. मी ठरवलं, गळती शोधल्याशिवाय हातातला पाना खाली ठेवायचा नाही. आणि शोधली मी, अशी शोधली की गाडीला माणसाचे हात असते तर तिनं ते जोडले असते. सगळे पाइप बदलले. क्लिपा बदलल्या. जोडावरच्या रबरी रिंगा बदलल्या. माघारी जाणारी लाइन टाकीपर्यंत उघडली, कुठं दबलीय का, तुंबलीय का. पंप काढला. पंपवाल्यानं पेट्रोलमध्ये काहीतरी घातलंय म्हणून त्याला शिव्या दिल्या. महादूच्या बांधांना शिव्या दिल्या, की नीट सपाट केले नाहीत, गचके बसून सांधे सुटले.

महादू म्हणाला, ‘मेस्त्री, सगळं झालं. आता माझ्या बैलांना नावं ठेव.’

‘तुझ्याकडं बैल हायतच कुठं रं?’

‘नायत. म्हून तेच राहिलेत.’

सगळं जोडून गाडी चालू केली की दहा मिनिटं कोरडी, आणि अकराव्या मिनिटाला तोच वास. मी सगळं तपासलं. फक्त एक झाकण उघडलं नाही. ते मीच बंद केलं होतं ना.

मंगळवारी शेडच्या फळीवर, जिथं मी चष्मा ठेवतो तिथंच, लोणच्याची एक रिकामी बरणी आली. घट्ट झाकणाची. आत पेट्रोल आणि पेट्रोलात एक काळी रबरी रिंग. बरणीखाली एक कागद, त्यावर पेन्सिलीनं रिंगेची आकृती काढलेली, आतून बाहेरून. कोणी ठेवली हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात केमिस्ट एकच आहे. मी चष्मा उचलला, बरणी तिथंच राहू दिली. बुधवारीही तसंच. बरणीकडे बघायचं नाही हे मी इतक्या निकरानं ठरवलं होतं की चष्मा घेताना मान दुसरीकडे करायचो.

आज वाटतं, तिला ‘शीक’ म्हणून मागं लागलो मीच. विहारात भाषण असलं की पहिल्या रांगेत तिला बसवलं मीच. कर्जतच्या शाळेत, मग कॉलेजात घालताना शेजाऱ्यांशी भांडलो मीच. आणि ती शिकली तेव्हा ते शिकलेलं ऐकायचं नव्हतं तेही मलाच.

गुरुवारी दुपारी प्रज्ञा कामावर होती. मी शांताला म्हणालो, ‘तुझा तोंडाला लावायचा पावडरचा डबा दे.’

तिनं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. ‘आता ह्या वयात?’

‘गाडीला लावायचीय.’

‘तिला तरी रूप येऊ द्या,’ म्हणाली आणि डबा दिला.

रेग्युलेटर आणि भोवतालचे सगळे जोड मी फडक्यानं कोरडे केले आणि त्यांच्यावर पावडर भुरभुरली. सगळं पांढरंशुभ्र. गाडी चालू केली आणि स्टूल घेऊन समोर बसलो. ओली जागा पांढऱ्यावर लपत नाही. पाच मिनिटं झाली. दहा. पाइपांचे जोड पांढरे. रिंगांचे जोड पांढरे. आणि मग झाकणाच्या कडेला, स्क्रूंच्या मधल्या रेषेत, एक करडी ओळ उमटली. बारीक, पेन्सिलीनं काढल्यासारखी. ती बघता बघता झाकणाला वळसा घालून गेली.

गाडी बंद केली. डबीला वरून एक बारीक नळी येते, तिच्यात हवाच असायला पाहिजे. ती नळी उपटून नाकाशी धरली. पेट्रोल. बोटावर आपटली तर थेंब पडला. म्हणजे कडेनंही गळत होतं आणि आतूनही, पडद्याला ओलांडून. बाहेर महादूची सून वालाच्या शेंगा तोडत होती, शेंगा टोपलीत पडल्याचा आवाज येत होता.

मग उठलो आणि फळीवरची बरणी खाली घेतली. झाकण उघडलं, तारेनं रिंग बाहेर काढली, कागदावरच्या आकृतीवर ठेवली. रिंग आकृतीत मावत नव्हती. चारी बाजूंनी बाहेर येत होती, कडेनं फुगून, एखादी पुरी फुगते तशी. बोटांत दाबली तर मऊ. ती माझ्या खुंटीवरच्या गुंडाळीतलीच होती, माझ्या रबरातल्या कापडाची वीण मी ओळखतो.

रेग्युलेटर उघडला. माझा पडदा आत सुरकुतून पडला होता. कडा फुगून स्क्रूंच्या मधून वर आल्या होत्या आणि मध्ये एक चीर. पातळ चिंधी म्हणून जी काढली तिच्या जागी मी हे बसवलं होतं, माझ्या पोरीच्या पुढ्यात.

संध्याकाळी ती आली. दप्तर खाली ठेवायच्या आत मी म्हणालो, ‘माझाच पडदा फुगलाय.’

‘होय.’

‘तुला कधीपास्नं माहीत?’

‘सोमवारपास्नं. तुमी टाकी उघडायला घेतली तेव्हा मी गुंडाळीचा कापलेला तुकडा बघितला.’

‘मग बोलली का नायस?’

‘तुमी ऐकलं असतं?’

मग तिनं सांगितलं, मास्तरणीसारखं नाही, शेजारी स्टुलावर बसून. पूर्वीचं पेट्रोल निराळं होतं. आता त्यात उसापासून केलेला अल्कोहोल मिसळतात. माझं रबर त्या जुन्या पेट्रोलला चांगलं होतं. ‘रबर खोटं नाय आबा, दिवस बदलले,’ म्हणाली. मला तेही आवडलं नाही. दिवसांवर ढकलायची चूक नव्हती ती. बरोबर बसवलेली वस्तू न विचारता मी काढली होती.

मूळचा पडदा आणायला महादूकडं गेलो. त्यानं फवारणीचा पंप उघडून दाखवला. आत त्या पडद्यातून कापलेला रुपयाएवढा गोल.

‘तूच दिलास,’ महादू म्हणाला. ‘लई भारी वायसर हाय. अजून एक असला तर दे.’

दुकानातून नवा यायला आठ दिवस. रविवार तिसऱ्या दिवशी. मी शुक्रवारी सकाळी डबा बांधून घेतला आणि निघालो. जुन्या हायवेला खोपोलीच्या अंगापर्यंत भंगारवाले आहेत. अपघाताच्या, पुरात बुडालेल्या, मालकानं सोडून दिलेल्या गाड्या एकावर एक. त्यांतल्या काहींत असाच रेग्युलेटर असतो, बंद डबीचा, उघडता न येणारा, कारखान्यात बसवलेला. उघडता येत नाही हीच मला त्या दिवशी त्याची सगळ्यात मोठी खूबी वाटली.

पडदा शाबूत आहे की नाही हे न उघडता कळायची एक रीत आहे. डबीच्या वरच्या बारीक तोटीला तोंड लावायचं, हवा ओढून घ्यायची आणि जिभेचं टोक तोटीवर टेकवायचं. पडदा धड असेल तर जीभ धरून ठेवतो. फाटका असेल तर सोडून देतो. पहिल्या भंगारात तीन डब्या, तिन्हींनी जीभ सोडली. दुसऱ्यात दोन. तोंडात गंज, चिखल, जुन्या पेट्रोलची कडू चव. एक भंगारवाला म्हणाला, ‘चचा, बासरी बजा रहे हो क्या?’ ‘हां, बजा रहा हूं,’ मी म्हटलं. उन्हं कलली तेव्हा उलट्या पडलेल्या एका पांढऱ्या गाडीच्या पोटातून एक डबी काढली, फडक्यानं पुसली, ओढली. जीभ चिकटली. मी वाट बघितली. सोडेना. बोलायचं होतं तर बोलता येईना. मी तसाच उभा, जीभ लोखंडाला, आणि डोळ्यांत पाणी. जिभेला चिमटा बसला होता म्हणून.

शनिवारी दोघांनी ती बसवली. बरणीतल्या पेट्रोलनं तिच्या आतलं काय होतंय हे बघायला वेळ नव्हता, पण ती नव्या जमान्याच्या गाडीची होती आणि दुसऱ्या कोणी तिला सुधारलं नव्हतं. गाडी चालवली, दाबाचा काटा जागेवर आला. बंद केली. आता खरी परीक्षा. गाडी बंद झाल्यावर काटा टिकला पाहिजे. खाली उतरला तर कुठंतरी तोंड उघडं आहे.

त्याच संध्याकाळी महादूच्या खाचरात पोपटी लावली होती. मी सांगितलं होतं, माझ्या शेडपासून चार खाचरं लांब, आणि वारा बघून. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वर परत पाला, मडकं पालथं आणि भोवती पेंढ्याचा जाळ. दरवर्षी मडक्यावर पाणी शिंपडून आवाज ऐकायचा मान माझा. चर्र झालं की शिजलं. त्या वर्षी मी गेलो नाही. शेडमधून धूर दिसत होता. शांता बांधावरून ओरडली, ‘अवो, मडकं वाट बघतंय!’

‘काटा वाट बघतोय!’ मी ओरडलो.

प्रज्ञा शेजारी बसली. दोघं त्या काट्याकडे बघत होतो. तिकडं पाला जळल्याचा वास आला, मग शेंगांचा. महादूनं मडक्यावर पाणी टाकलं, इतक्या लांबूनही चर्र ऐकू आलं. काटा जिथं होता तिथंच होता. शांता केळीच्या पानावर शेंगा घेऊन आली. आम्ही त्या काट्यासमोर बसून खाल्ल्या, बोटं भाजत.

रविवारी तोच चष्मेवाला वाकला. नखानं सांधा खरवडला. पांढऱ्या कागदानं पुसला, कागद उजेडात धरला. गाडी चालू ठेवून जमिनीवर पालथा पडला आणि खालून बघितलं. उठून कपडे झटकले. ‘कुणी केलं?’

‘माझ्या वडिलांनी,’ प्रज्ञा म्हणाली.

मी म्हणालो, ‘बिघडवलंही मीच.’

त्यानं माझ्याकडं बघितलं, हसला नाही, आणि काचेवर पास झाल्याचा कागद चिकटवला.

ती पाचवी आली. पेंढ्याच्या उडवीच्या वळणावर गाडी आडवी गेली आणि वेळ गेला. मला त्याचं काही नव्हतं. थांबल्या थांबल्या ती उतरली, हेल्मेट काढलं, बॉनेट उघडलं आणि बाजूला झाली. ‘आबा, वास घ्या.’ मी वाकलो. तापलेलं लोखंड. भाजलेली माती. पेंढ्याचा भुसा. आणखी काही नाही.

ती बरणी अजून फळीवर आहे. आता गॅरेजात येणारं प्रत्येक रबर आधी त्यात दोन दिवस बुडतं, मग गाडीत जातं. दुकानदाराचं असो, कंपनीचं असो. माझ्या गुंडाळीतलं असेल तर चार दिवस. गुंडाळी खुंटीवरून उतरवलेली नाही. महादूच्या पाण्याच्या पंपाला ती अजून सोन्यासारखी चालते, हेही लिहून ठेवतो.

चहा संपवून मी खोका उघडला. खोका उघडू नका असं तिनं लिहिलेलं नव्हतं. आत चकचकीत रेग्युलेटर, झाकणावर स्क्रू. तोटी पुसली, तोंड लावलं, ओढलं. जिभेला धरून बसला. म्हणजे आत पडदा आहे आणि धड आहे. पातळच असणार.

स्क्रू मोजले. पाच. त्यांना लागणारा पाना हाताशीच होता. डबी परत खोक्यात ठेवली, खोका बरणीशेजारी ठेवला आणि शेंगा आणायला महादूकडं गेलो.